सिकंदर गल्लीचा नळ

साहेब, तुम्ही एका भिस्त्याला सम्राट केलंत आणि त्यापायी अख्खी गल्ली तहानलेली ठेवलीत. तुमचं नाव इथं लिहीत नाही. माणसं बदलतात, खुर्ची तीच असते.

केज तालुक्यातल्या एका गावात सिकंदर गल्ली आहे. चौऱ्याण्णव साली, परदेशी कंपनीचं कोल्ड्रिंक पानटपरीवर आलं त्या उन्हाळ्यात, या गल्लीला नळ मंजूर झाला. सगळ्यांत जास्त आनंद मल्लम्माला. साठी उलटलेली ही बाई लाह्या-फुटाणे विकायची. गुडघा गेलेला आणि विहीर अर्ध्या कोसावर. तिनं घागर ठेवायला दारात फरशीसुद्धा बसवून घेतली.

तेवढ्यात वरून परिपत्रक आलं. ज्या गल्लीला व्यक्तीचं नाव आहे, तिथं त्या व्यक्तीचा इतिहास सादर केल्याशिवाय खोदकाम करू नये. ग्रामसेवक शहादेव छापील नमुना घेऊन मल्लम्माच्या दुकानात टेकला.

“मावशी, ह्यो सिकंदर कोण व्हता?”

“पखालीनं पाणी घालायचा की. बहात्तरच्या टंचाईत गल्ली जगवली त्यानं.”

“नोकरी कुठं?”

“युनानी दवाखान्यात पाणी भरायचा. लोक युनानीचा सिकंदरच म्हनायचे त्याला.”

रकाने बोटभर रुंद. शहादेवनं फुटाणे चघळत लिहिलं: नाव – सिकंदर. मूळ – युनानी. कार्य – सर्वांस माहीत आहे.

तालुक्याच्या कचेरीत साहेबांनी इतिहासाचं पुस्तक उघडलं. युनान म्हणजे ग्रीस. बाब गंभीर होती. महिन्याभरात गल्लीच्या तोंडाला पाटी लागली, ‘सम्राट सिकंदर मार्ग’. सोबत आदेश: सदर मार्ग आंतरराष्ट्रीय महत्त्वाचा असल्याने त्यावर कुदळ चालवू नये. शिवाय देशाचं नवं खुलं धोरण लक्षात घेऊन ग्रीसमधल्या एका शहराला पत्र गेलं, की आपल्याकडील रस्त्यांना ज्या राजांची व तत्त्ववेत्त्यांची नावे आहेत त्यांची यादी पाठवावी, आमच्याकडे अजून अकरा गल्ल्या बिननावाच्या आहेत.

पाइप कोपऱ्यावर येऊन थांबला. मल्लम्मा एसटीत बसून कचेरीत गेली.

“साहेब, त्यो सिकंदर न्हाई हो. आमचा भिस्ती व्हता.”

“बाई, सम्राट बियास नदीपर्यंत आले होते. तिथं सैन्य दमलं, म्हणून परत फिरले.”

“आमचा कवा दमला न्हाई. रोज वीस खेपा करायचा.”

“पुरावा?”

“मी प्यालेय की त्याच्या हातचं. लिंगायताच्या घरात कातड्याच्या पखालीचं पाणी चालत न्हाई म्हनून सासरा लई बोंबलला. तिसऱ्या दिशी त्यानंच आदी वंजळ पुढं केली.”

साहेबांनी शब्द न् शब्द लिहून घेतला, खाली तिचा अंगठा घेतला. साहेब न्यायी माणूस. त्यांनी चूक मान्य केली, सम्राटांना परत पाठवलं, पाटी उतरवली आणि दुरुस्तीचा आदेश काढला: ‘सदर गल्लीस सिकंदर नामक भिस्ती नियमित पाणीपुरवठा करीत असल्याचे अर्जदार बाईंच्या जबाबावरून सिद्ध होते. सबब नळाची आवश्यकता नाही.’

“साहेब, त्याला मरून पंधरा वर्सं झाली.”

“जबाबात तसं कुठं आहे? मृत्यूची नोंद आणा.”

“गल्लीला नाव दिलं लोकांनी, त्येवढीच नोंद.”

“ती आम्ही वाचली,” साहेब म्हणाले.

नळ विठ्ठलराव मार्गाला गेला. विठ्ठलराव म्हणजे सरपंचांचे आजोबा. त्यांच्या नमुन्यात कार्याच्या रकान्यात एकच शब्द होता, ‘थोर’. साहेबांचा शेरा: योग्य.

“काय केलतं रे ह्या विठ्ठलरावानं?” मल्लम्मानं शहादेवला विचारलं.

“मावशी, मोठ्या मानसाबद्दल आसं इचारत न्हाईत.”

आणि वाचणाऱ्यांनो, हसू नका. तुम्हीही विचारलेलं नाही. आयुष्यभर पाकिटावर, अर्जावर, लग्नपत्रिकेवर ज्याच्या नावाचा रस्ता लिहीत आलात, त्यानं कुणाला घोटभर पाणी तरी पाजलं का? मल्लम्मा अर्ध्या कोसावरून येते आहे. ती दारात पोचायच्या आत उत्तर द्या.