मालोजीरावांच्या घराचा कल

घाटातल्या दरडी ज्याने हयातभर थोपवल्या, त्याला घरची एक भिंत सरळ करणे म्हणजे डाव्या हातचा मळ, असे दहिवलीचे मालोजीराव ओव्हरसिअर चावडीवर बसून सर्वांना सांगत. पुण्याच्या कॉलेजात शिकून आलेला गावातला तो एकच माणूस. खोडून काढणार कोण? खोडणारी एकच होती, बायको जयवंताबाई, आणि ती रुसून खालापूरला लेकीकडे जाऊन बसली होती.

रुसवा भिंतीवरूनच होता. घर नदीकाठच्या चिकणमातीवर उभे. दर पावसाळ्यात नदीकडचा कोपरा थोडा खचे, आणि ज्या तळघरात भात साठवत, त्याची भिंत ओल्या मातीच्या रेट्याने आत फुगे. एव्हाना ती पंगतीतून उठलेल्या खोतासारखी पोट पुढे काढून उभी होती. मालोजीराव पेन्शनीत आले तरी ‘बघू’ म्हणत राहिले, तेव्हा जयवंताबाईंनी बोचके बांधले.

“जगाच्या भिंती धरल्यात, आता घरची धरा. ती सरळ झाल्याबिगर मी भात काढाया खाली उतरायची नाय, नि परत यायचीबी नाय.”

त्यांच्यामागे मालोजीराव जेवायला दोन ताटे घेत आणि एक तसेच फडताळात ठेवून देत. संध्याकाळी खालापूरच्या रस्त्यावरची मोरी तपासायला जात. ती मोरी त्या हिवाळ्यात जितकी तपासली गेली, तितकी बांधतानाही कोणी तपासली नव्हती. बैलगाड्या येत, जात. मोरी उत्तम होती.

अखेर माघात त्यांनी नागू गवंड्याला बोलावले. भिंतीमागची माती उपसून पाण्याला वाट काढली, पोट सुटलेली भिंत उतरवून नवी चढवली. खचलेल्या कोपऱ्याखाली मुरूम लागेपर्यंत खणले आणि रेल्वेच्या कामावरचे मळसूत्री जॅक आणून तुळया उचलायची तयारी केली. त्यासाठी घर रिकामे करणे आले. जाते, मांडणी, देव्हारा, जयवंताबाईंची लुगड्यांची पेटी, सारे अंगणात आले. त्या परततील तेव्हा द्यायला घेतलेले नवे हिरवे लुगडेही मालोजीरावांनी दोरीवर वाऱ्याला टाकले.

कुंपणापलीकडून शेजारच्या भागूबाईंनी आधी पेटी पाहिली, मग लुगडे पाहिले. खालापूरला निघालेला कान्हा गाडीवान त्यांनी थांबवला.

“जयवंताला सांग, तिची पेटी भाईर आली नि दोरीवर नवं हिरवं लुगडं आलं. बाकी मी काय बोलत नाय रं बाबा.”

बाकीचे वाटेत कान्हाने स्वतःच जुळवले. खालापूरला पोचेपर्यंत त्याच्या बोलण्यात लग्नाच्या मांडवाचे खांबही रोवून झाले होते.

दुसऱ्या दिवशी गाडी दारात थांबली, तेव्हा मालोजीराव माजघराच्या फळ्यांवर पालथे पडून सपाटी दाखवणाऱ्या पाणसळीतला बुडबुडा पाहत होते.

“नागू, अर्धा फेरा अजून. बस्स!”

“कुठं हाय ती?” जयवंताबाई उंबऱ्यात उभ्या होत्या.

“ही काय,” मालोजीरावांनी आनंदाने पाणसळ पुढे केली. “दिसायला बारीक, पण खोटं बोलत नाही.”

जयवंताबाईंनी त्या लाकडी पट्टीकडे पाहिले, मग नवऱ्याच्या चुन्याने माखलेल्या मिशांकडे. “नि लुगडं हिला?”

“लुगडं तुला.”

जयवंताबाईंनी पदर खोचला. “तर मग माझा संसार उन्हात का वाळत घातलाय? घ्या आत.”

संसार आत आला, आणि घोटाळा तिथे झाला. मांडणीवरचे तांबे एकामागून एक भिंतीकडे घरंगळले. देव असे कलले, जणू शेजारणीचे बोलणे ऐकत आहेत. दूध एका अंगाने उतू गेले. मालोजीराव जेवायला बसले, तर वरण थेट मांडीवर. पाणसळ पुन्हा लावली. जमीन बिनचूक होती.

त्यांनी ताटाखालचा पाट उलटा केला. एका बाजूला पाचर ठोकलेली होती. माथेरानच्या रस्त्याच्या कामावर हरवली म्हणून ज्या फुटपट्टीसाठी त्यांनी सारा कँप पालथा घातला होता, तिचाच तो तुकडा. मांडणीखाली त्यांच्या बुटाची टाच. देव्हाऱ्याखाली कँपातल्या खुर्चीचा पाय.

“हे काय गं?”

“घर दरसाल खचत हुतं, मी दरसाल पाचर मारत हुते. तुमी चार दिस यायचात. तेवढ्यात वरण सांडाया नको.”

“पण माझीच पट्टी?”

“तुमी नसायचात. म्हटलं, तुमचं कायतरी घराला आधाराला ऱ्हाऊ द्या.”

मालोजीरावांनी खिळा उपटायला पक्कड घेतली. पाट मांडीवर घेऊन त्यांनी पट्टीवरचे पुसट आकडे अंगठ्याने चाचपले. मग पक्कड ठेवून बाहेर आले.

“नागू, नदीकडचा जॅक उतरव. बाई आतून सांगतील तितका.”

“राव, वाकडं करू म्हनता?”

“वाकडं नाही. होतं तसं.”

आतून जयवंताबाई दुधाच्या पातेल्याकडे बघून सांगत होत्या, “अजून... वाईच अजून... आता ऱ्हाऊ द्या.” तिथेच खाली दगडचुन्याचे काम भरले. पाया असा पक्का झाला की घर पुढे केसभरही खचू नये. कल तेवढा पूर्वीचाच.

संध्याकाळी दोन ताटे मांडली. वरण भाताच्या मधोमध राहिले. पाणसळीतला बुडबुडा मात्र रुसल्या जावयासारखा टोकाला जाऊन बसला होता.

“आता हिचं काय काम नाय ना?” जयवंताबाईंनी विचारले.

“नाही.”

“मग द्या हिकडं. कणगीखाली एक पाचर कमी पडतीय.”

मालोजीरावांनी पाणसळ धोतराच्या सोग्याने स्वच्छ पुसली आणि दिली.