कोरी करकरीत स्टेपनी

माझ्या गाडीचे टायर बघितलेत का तुम्ही? नसतील तर बघाच! गाडी नऊ वर्षांची, पण टायर असे की शोरूमवाल्यानं मान खाली घालावी! कारण? मी गाडी वापरतच नाही. घरच्यांना रिक्षानं पाठवतो, गाडी कव्हरखाली ठेवतो आणि दर रविवारी टायरना बुटाचं काळं पॉलिश लावतो. बायको एकदा म्हणाली, "अहो, टायरला बारीक चिरा पडल्यात, बदलायचे का?" मी डबी उघडली आणि चिरा बुजवल्या. "कुठायत चिरा? दाखव!" विषय संपला.

तर एका दुपारी साडूंचा फोन आला. मेहुणीला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या होत्या आणि रक्तदाबही चढला होता. सासूबाई तेव्हा आमच्याकडेच होत्या. "मी शब्द दिलाय तिला. बाळंत होताना माझा हात तिच्या हातात असेल," असं म्हणत त्या चपला घालून दारात उभ्याही राहिल्या!

"रिक्षा बोलावते," बायको म्हणाली.

"घरात गाडी असताना? अर्ध्या तासात पोचवतो!"

हायवेला लागलो, वेग वाढवला आणि खालून आवाज सुरू झाला. थड थड थड थड!

"अहो, हे काय वाजतंय?"

"रस्ता खराब आहे."

"रस्ता तर आरशासारखा आहे!"

मी उत्तर जुळवतोय तेवढ्यात धाड्कन आवाज झाला! गाडी उजवीकडे ओढली गेली, थेट ट्रकच्या अंगावर! बायको किंचाळली, ट्रकनं कर्कश हॉर्न दिला, मी स्टेअरिंगला लटकलो. कशीबशी गाडी कडेच्या कठड्याजवळ थांबली. उतरून बघितलं. टायरची वरची साल सोललेल्या केळ्यासारखी लोंबत होती!

"काळजी नको, स्टेपनी आहे!" मी अंगात होतं नव्हतं ते अवसान आणलं. जॅक लावला, नटबोल्ट खोलले, हात कोपरापर्यंत काळे झाले. "बघा आई, कोरी करकरीत! नऊ वर्षांत एकदाही जमिनीला टेकली नाही!"

सासूबाईंनी जन्मभर शिवणकाम केलेलं. त्यांनी टायरला बोट लावलं. "जावईबापू, पेटीत ठेवलेलं कोरं इलॅस्टिक नऊ वर्षांनी ताणून बघितलंत कधी? न वापरताच कुजतं ते."

"आई, इलॅस्टिक वेगळं आणि टायर वेगळा!"

"बरं. हळू चालवा."

हळू म्हणजे किती! सायकलवाले आम्हाला मागं टाकून वळून बघत होते. एवढ्यात साडूंचा फोन. "कुठं आहात? ती सारखी आईंना विचारतेय! आता आत नेतील!" बायको म्हणाली, "टायर फुटला, पण..." आणि तिच्या फोनची बॅटरी संपली. माझा फोन? घाईत घरीच!

मी ॲक्सिलरेटर दाबला. स्टेअरिंग थरथरायला लागलं.

"थांबवा!" सासूबाई ओरडल्या.

"अहो, पण उशीर होतोय!"

"मला तिच्यापर्यंत पोचायचंय, जावईबापू! पोचायचंय!"

थांबवली. उतरून बघतो तर स्टेपनीच्या कडेला नारळाएवढा फुगा! आम्ही दोन पावलं मागं सरलो आणि तो उभ्या जागी फुटला. आणखी जरा वेळ पळवली असती तर!

मग बायको रस्त्यात हात आडवे करून उभी राहिली. दोन गाड्या निघून गेल्या. तिसरी थांबली. "दवाखान्यातच चाललोय, रिकामी आहे. पण बसाल का?" ड्रायव्हरनं बिचकत विचारलं.

शववाहिका होती! मी मागं सरकलो, पण सासूबाई केव्हाच आत चढल्या होत्या.

दवाखान्याच्या दारात साडू वाट बघत होते. 'टायर फुटला, पण' एवढंच ऐकलेला माणूस, त्यात समोर शववाहिका येऊन थांबलेली! मागचं दार उघडलं आणि पहिला उतरलो मी, काळाठिक्कर, केस विस्कटलेले. "बाकीचे...?" एवढंच म्हणून साडू आडवे झाले!

"यांना बघा कुणीतरी!" म्हणत सासूबाई त्यांना वळसा घालून आत धावल्या. मेहुणीचा हात त्यांनी धरला आणि थोड्याच वेळात बाळाचा ट्यँहा ऐकू आला. मुलगी! दोघी सुखरूप! बायको रडली, मीही रडलो, शुद्धीवर आलेले साडू तर सगळ्यांपेक्षा जास्त रडले.

संध्याकाळी बाळ या हातातून त्या हातात फिरलं. माझी पाळी आली तशी नर्सनं माझे हात बघितले. चार वेळा धुतले होते, पण पॉलिश हटत नव्हतं! "अं हं! असल्या हातांनी नाही!"

मी आशेनं सासूबाईंकडे बघितलं.

"राहू द्या हो," त्या बाळाला थोपटत म्हणाल्या, "त्यांना हात न लावता कोरं ठेवायची सवय आहे."