खिडक्यांची फाइल

बायको आणि आई यांच्या भांडणात आपण पडायचं नाही, असं मिलुतिनने लग्नातच ठरवलं होतं. म्हणून त्याने मध्ये यंत्र घातलं.

जुलैमध्ये निश शहर तव्यासारखं तापलं होतं. त्याच्या चार महिन्यांच्या पोराची, वुकाशिनची, मान घामोळ्यांनी लाल झालेली, आणि त्याच्या बायकोच्या, ओलिव्हेराच्या, सासूबाई देसांका खिडक्या लावत घरभर फिरायच्या. एक उघडी चालेल, पण समोरासमोरच्या दोन उघडल्या की आरपार वारा. आणि आरपार वाऱ्याने त्यांच्या मते काय होत नाही? (दातदुखी, वांझपण, शिवाय त्यांच्या थोरल्या भावाचा घटस्फोट.)

"दुसरी मी नाही उघडली, आई."

"मग काय पोराने उघडली?"

मिलुतिन घरी बसून कंपनीचे संगणक सांभाळायचा. त्याने समोरासमोरच्या दोन्ही खिडक्यांना बोटाएवढं एकेक यंत्र चिकटवलं. खिडकी उघडली किंवा लावली की फाइलमध्ये वेळेसकट ओळ पडायची. स्वयंपाकघरातल्या टॅबलेटवर बटण दाबलं की फाइलमधल्या फक्त नव्या ओळी दिसायच्या.

"आणि आधीच्या?" ओलिव्हेराने विचारलं.

"एकदा दाखवल्या की परत दाखवत नाही. कुठवर वाचलं ते त्याच्या लक्षात असतं. आमच्याकडे लाखो ओळी असतात गं. जुनं उगाळायला वेळ कुणाला आहे?"

"तुझ्या आईला."

करार झाला. रोज संध्याकाळी मिलुतिन सगळ्यांसमोर बटण दाबणार. रविवारपर्यंत दोन खिडक्या एकदम उघड्या सापडल्या, तर सासूबाई खिडक्यांच्या मुठी काढून पर्समध्ये ठेवणार. नाही सापडल्या, तर खिडक्या ओलिव्हेराच्या.

पहिल्याच दिवशी सासूबाई बाजारात गेल्या आणि ओलिव्हेराने दोन्ही खिडक्या सताड उघडल्या. पोर हातपाय पसरून झोपलं. मग मात्र तिलाच घाम फुटला. फाइल! तिने घाईने बटण दाबलं, ओळी आल्या. पुन्हा दाबलं. 'नवीन काही नाही.'

अरेच्चा! जो आधी वाचेल, तो गिळेल!

त्या दिवसापासून तिचं राज्य सुरू झालं. दोन्ही खिडक्या उघडायच्या, लावायच्या, बटण दाबून पाप गिळायचं. मग संशय नको म्हणून एकच खिडकी सभ्यपणे उघडायची. संध्याकाळी मिलुतिन तेवढी ओळ मोठ्याने वाचायचा, आणि सासूबाई टॅबलेटकडे चोराकडे बघावं तशा बघायच्या.

शनिवारी ओलिव्हेरा पोराला डॉक्टरकडे नेऊन परत आली. सवयीने बटण दाबलं आणि उडालीच. अकरा वाजून दहा मिनिटं. दोन्ही खिडक्या! तेव्हा तर ती दवाखान्यात होती.

"मिलुतिन! धाव! तुझ्या आईने उघडल्या!"

"मी?" सासूबाई लाटणं घेऊनच बाहेर आल्या. "दाखव बघू!"

ओलिव्हेराने ऐटीत बटण दाबलं. 'नवीन काही नाही.'

"बघ रे, तुझ्या बायकोने माझ्यावर आळ घेतला!"

"आळ नाही! मिलुतिन, सगळी फाइल काढ. पहिल्या ओळीपासून."

"ओलिव्हेरा, जरा विचार कर..."

"काढ म्हणते ना!"

त्याने काढली. यंत्र दाखवत नव्हतं, पण फाइलमधून काहीच गेलं नव्हतं. सगळ्यात खाली सासूबाईंचं एकदा. त्याच्यावर ओलिव्हेराचं चौदा वेळा.

"मी मिरच्या भाजत होते," सासूबाई पुटपुटल्या. "धूर झाला होता." मग आवाज चढला. "पण चौदा?"

ओलिव्हेराला पळायला जागा नव्हती. म्हणून ती पळाली नाही.

"हो, चौदा! आणि आता पंधराव्यांदा उघडणार. मुठी काढा, मी पक्कड आणीन. त्याची मान बघा! एक तरी घामोळी आहे का? त्याची आई मी आहे."

सासूबाईंनी पोराची मान बघितली. चष्मा लावून पुन्हा बघितली.

"उघड बाई," त्या म्हणाल्या. "पण पोराला काही झालं तर..."

पोराला काहीच झालं नाही. रविवारी जेवायला दोन्ही खिडक्या सताड उघड्या, मेजावरचे कागदी रुमाल उडतायत, आणि ओलिव्हेरा महाराणीसारखी ताठ बसलेली. फार ताठ. सासूबाईंनी तिच्याकडे बराच वेळ बघितलं. मग उठल्या आणि दारूत भिजवलेलं फडकं तिच्या मानेला गुंडाळलं.

"कशाने आखडली?"

"उशीने!" ओलिव्हेरा ठणकावून म्हणाली. पण ते सासूबाईंच्या तोंडावर म्हणायला तिला खुर्चीसकट वळावं लागलं.