नखाला न लागणारा दात

मायक्रॉनरावांनी चाळीस वर्षं लेथवर काढली, आणि त्यांनी बसवलेला एकही सांधा कधी नखाला लागला नाही. हे मी सांगत नाही, तेच सांगतात. रोज! दोन तुकड्यांच्या जोडावरून अंगठ्याचं नख फिरवायचं. अडकलं तर कारागीर गाढव. कारखान्यात त्यांना हे नाव पडलं ते उगाच नाही.

त्यांची सून दातांची डॉक्टर. नवाकोरा दवाखाना, आणि पहिलं इम्प्लांट सासऱ्यांचं! जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून तीन महिने झाले होते, आज त्यावर वरचा तुकडा चढवायचा होता. बाहेर पाच पेशंट बसले होते. सासऱ्यांचं कसं जमतंय ते बघूनच ते आपलं ठरवणार होते.

"माझी सून आहे!" मायक्रॉनरावांनी पाचही जणांना दोन-दोनदा सांगितलं. "हात काय स्थिर आहे! आमच्या कारखान्यात असती तर फोरमन झाली असती."

मग ते आत जाऊन खुर्चीत बसले. ट्रेमधला चिमुकला तुकडा दिसला, आणि खिशातलं माप घ्यायचं व्हर्निअर आपोआप बाहेर आलं.

"सूनबाई, खालचा स्क्रू साडेचारचाच म्हणाली होतीस ना?"

"हो, साडेचार मिलिमीटर, बाबा. आ करा."

"आणि हा पावणेचार! अगं, चुकीचा माल गळ्यात मारलाय तुझ्या!"

"अहो बाबा, तो मुद्दामच..."

पण बाबा गळ्यातल्या निळ्या कागदासकट बाहेर पोचलेसुद्धा. सुनेची अब्रू वाचवायची होती ना!

"मंडळी, घाबरू नका! माप चुकलंय, पण माझ्या सुनेचा दोष नाही. सगळ्यांचे तुकडे मी घरच्या लेथवर काढून देतो!" त्यांनी खिशातून काडेपेटी काढली. आत कापसावर त्यांनी हौसेने आधीच घडवून ठेवलेला तुकडा, बरोब्बर साडेचार! "स्क्रूवर बसला की नख अडकणार नाही!"

एका आजींनी तुकडा पाहिला, पर्स उचलली आणि त्या चालू लागल्या. मागोमाग बाकीचे चौघंही!

सूनबाई रडायच्याच बाकी होत्या. "बाबा, तो लहानच असतो! दोन्ही सारखे केले की सांधा थेट हाडाच्या काठावर येतो. तिथे जंतू साचतात आणि हाड झिजतं. वरचा अरुंद ठेवला की सांधा काठापासून आत सरकतो, हाड टिकतं."

"माझ्या सांध्यात केस जायला जागा नसते!"

"केसाहून बारीक फटसुद्धा जंतूंना हमरस्ता असते, बाबा."

सूनबाईंनी दोन एक्स-रे समोर धरले. एकात दोन्ही तुकडे सारखे आणि स्क्रूच्या कडेने हाड खचलेलं, दुसऱ्यात वरचा अरुंद आणि हाड छान भरलेलं. मायक्रॉनरावांनी व्हर्निअर खिशात घातलं. मग तसेच धावत सुटले, आणि पाचही जणांना कोपऱ्यावर गाठलं.

"आजी, परत चला! सून बरोबर आहे. गाढव मी!"

आजी थबकल्या. "सासऱ्याच्या तोंडून हे वदवून घेतलं? मग हीच डॉक्टर हवी मला!"

पाचही जण परत आले. मायक्रॉनरावांचा दात पक्का बसला आणि ते शेंगदाणे चावू लागले. त्यांचा साडेचारचा तुकडा आता दवाखान्यात काचेच्या कपाटात, मखमलीवर असतो. येणाऱ्या प्रत्येकाला ते तिथे हाताला धरून नेतात. खाली सूनबाईंच्या हातची चिठ्ठी आहे : 'असा कधीही बसवू नये.'

"अक्षर बघा!" मायक्रॉनराव सांगतात. "एक रेघ इकडची तिकडे नाही! सून कुणाची?"