एस्तेरबाई आणि अमेरिकेची पंगत

आमच्या भागातल्या कुणाला अमेरिकेत डॉक्टरकी करायची असेल, तर त्याला आधी एस्तेरबाईंच्या स्वयंपाकघरात जाऊन एका गोऱ्या म्हाताऱ्याचं गाऱ्हाणं ऐकावं लागे. म्हातारा अर्थात बाईच व्हायच्या. स्टोव्हला पंप मारमारून त्याचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा करायचा, तोंडावर टॉवेल धरायचा आणि त्याआडून इंग्रजीत काहीतरी पुटपुटायचं. समोर उभ्या असलेल्या, नुकत्याच डॉक्टर झालेल्या पोरानं सांगायचं, म्हाताऱ्याला काय होतंय.

"पोटात दुखतंय," पोरगा अंदाजानं म्हणे.

टॉवेल खाली येई. "बायको मेली त्याची, अन् झोप येत न्हाई त्याला. कान कच्चा हाय तुझा. पुढच्या रविवारी ये."

त्या दुष्काळी दिवसांत रॉकेलसाठी रांगा लागत. माझी बायको खिडकीतून हे बघे आणि कपाळावर हात मारून घेई. "आम्ही भात शिजवायला रॉकेल पुरवून वापरतो, आणि ह्या बाई परीक्षेसाठी जाळतात!"

डॉ. एस्तेर शिंदे श्रीरामपुरात आमच्या समोर राहत. मी तिथल्या शाळेत गणिताचा मास्तर. बाई तरुणपणी विलायतेत काही वर्षं काढून आल्या होत्या आणि आता गावात बाळंतपणं करत. पांढरं पातळ, मनगटावर पुरुषी घड्याळ. त्यांचं इंग्रजी ऐकून आमचे हेडमास्तर नकळत खुर्चीवरून उठत. मराठी मात्र त्यांनी आईकडून मिळाली तशीच ठेवली होती, कानामात्रेचाही फरक न करता.

त्या काळी डॉक्टर झालेला जो तो अमेरिकेचं नाव घेई. तिकडे डॉक्टर कमी पडतात, परीक्षा दिली की झालं, असा सगळीकडे समज. रविवारी बाई चर्चमधून परतल्या की त्यांच्या ओसरीवर ही पोरं बापांसकट हजर.

"जागा लई हायेत," बाई सांगत. "जागंला तोटा न्हाई. पण पंगत हाय ती. पयली पंगत त्यांच्या घरच्या पोरांची. मग ज्यांची वळख हाय त्यांची. आपण बसतो शेवटी. तवर सर्जरी संपलेली, हृदय संपलेलं. म्हणून पाहिजे काय ते सांगू नका, शिल्लक काय ते इचारा."

आणि मग त्या मुलाला नीट न्याहाळत. किती वाचलंय, किती ऐकू येतं, उलट बोलल्यावर चेहरा कसा होतो. आणि निकाल देत. एका कापड व्यापाऱ्याच्या मुलाला हृदयाचा डॉक्टर व्हायचं होतं. बाई म्हणाल्या, "क्ष-किरण." तो गेला, वर्षभर धडपडला आणि क्ष-किरणांतच स्थिरावला. नगरच्या एका वकिलांच्या मुलाला त्या म्हणाल्या, "तू येड्यांच्या दवाखान्यात जाशील." वकील भडकले, ताडकन उठले, अब्रूनुकसानीची भाषा करू लागले. "अवो, डॉक्टर म्हनून जाईल!" बाई त्यांच्यामागे फाटकापर्यंत ओरडत गेल्या. मुलगा तिकडे मनोविकारतज्ज्ञच झाला, आणि म्हणे मोठ्या आनंदात आहे.

मी गणिताचा माणूस. या बाईचं उत्तर प्रत्येक वेळी बरोबर कसं येतं, या विचारानं मी थक्क होई. त्यांच्यासमोर मला आवाज चढवून बोलताच येत नसे.

मग एका रविवारी मी बाईंकडे बसलो असताना राहुरीकडचे एक पाटील आपल्या मुलीला घेऊन आले. कुसुम पुण्यात डॉक्टर झाली होती. सावळी, बारकी, आणि बोलताना नजर न हलवणारी. पाटील डोक्यावरचा फेटा सावरत मला म्हणाले, "मास्तर, पोरगी कुनाचं ऐकत न्हाई बघा. बाईंचं ऐकंल."

स्टोव्ह भरभरला. बाई टॉवेलाआड पुटपुटल्या. कुसुम म्हणाली, "त्याच्या छातीत दुखतंय, पण मुलीला कळू द्यायचं नाही असं म्हणतोय."

बाईंनी टॉवेल खाली घेतला. पहिल्याच फटक्यात इतकं बरोबर आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

"काय व्हायचं हाय तुला?"

"सर्जन."

"न्हाई मिळायचं. परीक्षा पास होशील, जागा बी मिळंल. पण परदेशी, त्यात बाई. भूल द्यायचं काम मिळंल. चांगलं काम हाय ते."

"चांगलं असेल," कुसुम म्हणाली. "पण मी सर्जरीच मागणार. नाही म्हणाले तर पुन्हा मागणार."

"अन् पुन्यांदा न्हाई म्हनले तर?"

"तर पुन्हा."

पाटील हसले. बाई हसल्या नाहीत. आपला निकाल मागे न घेता त्या आत निघून गेल्या. पण पुढं कित्येक रविवार कुसुम येत राहिली. तिला समोर बसवून बाई रागावलेला मोठा डॉक्टर व्हायच्या, तिचा पाणउतारा करायच्या, आणि तिनं न रडता, न चिडता उत्तर द्यायचं. माझ्या बायकोनं रॉकेलबद्दल बोलणं सोडलं. एकदा तर तिनं आपली बाटली नेऊन दिली.

कुसुम अमेरिकेला गेली. बाई तिच्याबद्दल बोलत नसत. दुसरी पोरं येत होती, निकाल मिळत होते, खरे ठरत होते.

दोनेक वर्षांनी पाटील पेढ्यांचा पुडा घेऊन आले, ते रस्त्यावरूनच हाका मारत. मीही समोरून धावलो.

"सर्जरी मिळाली, बाई! कोळशाच्या खानीचं गाव हाय म्हने कुठलं तरी. तिथं त्यांची पोरं जायला बघत न्हाईत. पन सर्जरीच!"

बाई ओसरीवर टाळी वाजवून लहान मुलीसारख्या ओरडल्या, "चुकलं! मास्तर, माझं चुकलं!" इतक्या आनंदानं आपली चूक सांगणारं माणूस मी पाहिलेलं नाही. पाटलांनी दिलेला पेढा त्यांनी अख्खा तोंडात घातला.

"सरळ मिळाली का?" खाता खाताच त्यांनी विचारलं.

"कुठली सरळ! एका ठिकानी न्हाई म्हनले, दुसरीकडं न्हाई म्हनले. एकानं तर हसून घालवली. पन पोरगी मागतच राहिली."

बाई हळूच खुर्चीवर बसल्या.

"मी एकदाच मागितली हुती," त्या म्हणाल्या. "विलायतेत. न्हाई म्हनले, तर मी ट्रंक भरली अन् आले."

इतकी वर्षं समोर राहून मला हे ठाऊक नव्हतं. पाटील मात्र लगेच म्हणाले,

"मग आता मागा की, बाई."

"आता?" बाईंनी हसून आपला उजवा हात पुढं केला. तो बारीक थरथरत होता.

पाटलांनी पुड्यातला आणखी एक पेढा काढून त्या हातावर ठेवला आणि थरथर थांबेपर्यंत आपल्या दोन्ही हातांनी तो धरून ठेवला.