पिवळी एक कमी, निळा एक जास्त

मंगळवारी सकाळी सव्वादहा वाजता सरकारी मत्स्यालयाच्या टाकी क्रमांक सातमध्ये एक पिवळी मासोळी कमी आणि एक निळा मासा जास्त असल्याचे आढळून आले. त्या वेळी दालनात हेडक्लार्क, हंगामी टाकी-परिचर बाई आणि काच घासायचा लांब दांड्याचा ब्रश एवढेच उपस्थित होते.

टाकी क्रमांक सात ही मत्स्यालयाच्या ‘विविधता दालना’ची शान. उष्ण समुद्रातल्या प्रवाळखडकांत राहणाऱ्या लहानलहान रंगीत माशांचे एक भलेमोठे कूळ या दालनात मांडलेले आहे. त्यातला एक जण मोठ्या माशांचे दात साफ करून पोट भरतो. एक जण शिंपले दगडावर आपटून फोडतो. एक जण कार्यालय सुटायच्या सुमारास वाळूत शिरतो तो सकाळपर्यंत वर येत नाही. संध्याकाळच्या मोजणीत तो सापडत नसल्याने त्याची नोंद ‘दौऱ्यावर’ अशी केली जाते. टाकी क्रमांक सातची मंजूर संख्या निळ्या डोक्याचा नर एक आणि पिवळ्या मासोळ्या सहा अशी होती. पैकी नर काही आठवड्यांपूर्वी वारला. परिचर बाईंनी ते रीतसर कळवले, दोन साक्षीदारांसमक्ष त्याची विल्हेवाट लागली आणि तो पटावरून कमी झाला. म्हणजे आता टाकीत निळा एकही नको होता आणि पिवळ्या सहा हव्या होत्या. प्रत्यक्षात निळा एक आणि पिवळ्या पाच निघाल्या.

हेडक्लार्कांना कार्यालयात सगळे समोर काका आणि मागे टाचणी म्हणत. सुटा कागद दिसला की ते तो कशाला तरी टोचून ठेवत. सुटा मासा दिसल्यावर त्यांनी तेच केले.

“यात तीन गुन्हे आहेत,” ते म्हणाले. “एक पिवळी गहाळ. एक निळा विनापरवाना. आणि मेलेला पुन्हा पोहतोय, म्हणजे मयताची खबर खोटी.”

“काका, गहाळ कोणी नाही. त्यातली थोरली पिवळी होती ना, तीच निळी झाली. नर गेला की उरलेल्यांत सगळ्यांत मोठी असते तिचा नर होतो. रोज बघतेय मी.”

“बघत होतीस तर नोंद का नाही?”

“नोंदवहीत पिवळे आणि निळे असे दोनच रकाने आहेत. ती मधे होती.”

“मधे राहायची परवानगी कोणी दिली?”

बाईंनी ब्रशाच्या दांड्याने टाकीखालचा माहितीफलक दाखवला. फलकावर तीन वाक्ये आहेत. ‘या माशांच्या गटात एकच नर असतो. तो नाहीसा झाल्यास सर्वांत मोठी मादी त्याचा रंग धारण करून त्याची जागा घेते. बाकीच्या माद्या नव्याला लगेच जुन्यासारखेच मानतात.’

हेडक्लार्कांनी फलक चष्मा लावून वाचला, चष्मा काढून वाचला.

“हा प्रेक्षकांसाठी आहे,” ते म्हणाले. “कार्यालयासाठी नाही.”

प्रकरण एवढ्यावर मिटवता आले असते. पण परिचर बाई अकरा वर्षे हंगामी होत्या. त्यांना कायम करण्याची फाइल याच महिन्यात अधीक्षकांच्या टेबलापर्यंत पोहोचली होती आणि तिच्यावर ‘निष्कलंक’ एवढा एकच शेरा पडायचा बाकी होता. कायम झाल्यास घरच्या माणसावर खात्याच्या दवाखान्यात उपचार होतात. घरी आई होती आणि आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता.

“निळा का पिवळा म्हणून भांडताय?” त्या संध्याकाळी आई म्हणाली. “मला दोन्ही धुरकटच दिसतात. मलाच घ्या म्हणावं चौकशीला, एका दिवसात निकाल लावते.”

“आई, थट्टा नको. शेरा खराब झाला तर परत पहिल्यापासून.”

“मग तुझं ते ‘कायम’ बघायला मला डोळे लागतील, लवकर कर.”

दुसऱ्या दिवशी बाई अधीक्षकांपुढे उभ्या राहिल्या. अधीक्षकांना भेटायला त्यांना हुरूप होता, कारण साहेब याच माशावर डॉक्टर झाले होते. त्यांचा प्रबंध त्यांच्याच खोलीतल्या काचेच्या कपाटात होता. कपाटाची किल्ली भांडार विभागात होती.

“साहेब, तुम्हाला तर हे सगळं माहीत आहे.”

“मला माहीत आहे,” अधीक्षक म्हणाले, “पण ती माझी खाजगी माहिती झाली.”

त्यांनी बाईंना बसायला सांगितले, दार लोटून घेतले आणि अडचण समजावून दिली. मंजूर यादीत निळा ही एक जात होती आणि पिवळी ही दुसरी. दालनात वीस जाती आहेत म्हणून मत्स्यालयाला पहिला दर्जा होता, आणि मत्स्यालयाला पहिला दर्जा होता म्हणून तिथे अधीक्षकाचे पद होते. निळा आणि पिवळी एकच ठरले, तर जाती एकोणीस होतील. मग कोणीतरी चौथ्या टाकीतल्या पट्टेवाल्यांबद्दल विचारील.

“ते नवव्या टाकीतल्या हिरव्यांची पिल्लं आहेत,” बाई म्हणाल्या.

“हळू बोला. खरं सांगू का बाई, आपल्या दालनातली निम्मी विविधता ही उरलेल्या निम्म्या विविधतेची बायकामुलं आहेत. हे सगळ्यांना माहीत असतं. बोलायचं नसतं.”

“मग माझ्या फाइलचं काय?”

“चौकशी होईपर्यंत तो निळा मागच्या खोलीत हलवा. फाइलचं मग बघू.”

“तो काढलात तर पुढची निळी होईल.”

“कशावरून?”

“तुमच्याच प्रबंधावरून.”

“प्रबंध मी नोकरीला लागण्याआधी लिहिला होता,” अधीक्षक म्हणाले आणि घंटी वाजवली.

निळा मागच्या खोलीतल्या छोट्या टाकीत हलवण्यात आला. हेडक्लार्कांनी त्याच्यावर ‘निलंबित’ असा शेरा मारला आणि निलंबितांच्या नियमाप्रमाणे त्याला निम्मे खाद्य लागू केले. पुढच्या मोजणीला टाकी क्रमांक सातमध्ये पुन्हा एक पिवळी कमी आणि एक निळा जास्त होता. तोही निलंबित झाला. दोन निळे एका पाण्यात ठेवले की एकमेकांचे कल्ले फाडतात, म्हणून दुसऱ्याला बादलीत ठेवण्यात आले. तिसऱ्याला अभ्यागतांच्या खोलीतली काचेची बरणी मिळाली. ज्या टाकीत गुन्हा घडत होता ती रिकामी होत चालली आणि जिथे कधी मासा नव्हता ती मागची खोली भरत चालली. हेडक्लार्कांच्या मते, आरोपी हाती लागत असल्याने तपास योग्य दिशेने चालला होता.

तीनदा तोच प्रकार घडल्याने मुख्यालयातून चौकशी अधिकारी आले. त्यांनी टाकीसमोर खुर्ची मागवली, फलक मोठ्याने वाचला, छान लिहिले आहे असे म्हणाले आणि विचारले, “मासे बदलतं कोण?”

“ते स्वतःच बदलतात,” बाई म्हणाल्या.

“सरकारी मासा स्वतःहून काही करत नाही.”

त्यांनी टाकीवर मुख्य दारावरचा पहारेकरी नेमला. मासे बदलणाऱ्याला रंगेहाथ पकडावे असा हुकूम होता. पहारेकऱ्याने हुकमाप्रमाणे स्टूल टाकून डोळ्यात तेल घालून पहारा दिला आणि पाळी संपल्यावर तोंडी अहवाल सादर केला.

“साहेब, कोणी आलं नाही, कोणी गेलं नाही. चौथी आपली सावकाश निळी होतेय. आधी डोकं, मग मान. बघायला बरं वाटतं.”

“तू थांबवलं नाहीस?”

“कोणाला थांबवू?”

चौकशीचा अंतरिम निष्कर्ष यथावकाश आला. टाकीत बदल होत असल्याचे दिसते. परंतु बदल करणारा कोणीही आढळत नाही. सबब अधीक्षक जबाबदार. अधीक्षकांना मुख्यालयात बोलावून घेण्यात आले. जाताना त्यांनी प्रबंध बरोबर न्यायचा प्रयत्न केला, पण किल्ली मिळाली नाही.

खुर्ची रिकामी झाली. तात्पुरता कार्यभार हेडक्लार्कांकडे आला, कारण उरलेल्यांत तेच मोठे होते.

पहिल्या दिवशी ते खुर्चीशेजारी उभे राहूनच सह्या करत होते. मग टेकले. मग त्यांचा कोट खुर्चीच्या पाठीवर आला. टाचण्यांची डबी आधी कपाटात गेली आणि नंतर दिसेनाशी झाली. आठवडाभरात त्यांचा आवाज खाली उतरला, ते पानांचे कोपरे जुळतात का हे न पाहता सही करू लागले आणि दार लोटून घेऊन बोलू लागले. त्यांना काका म्हणणारे लोक साहेब म्हणू लागले. त्यासाठी कोणतेही परिपत्रक निघाले नव्हते. परिचर बाईंनी फाइलबद्दल विचारले तेव्हा ते म्हणाले, “तुझं काम व्हायला हवं असं मलाही वाटतं. पण ते माझं खाजगी मत झालं.”

महिन्याअखेरीस मुख्यालयाच्या लक्षात आले, की अधीक्षकांच्या खुर्चीत बसलेले गृहस्थ मंजूर यादीप्रमाणे हेडक्लार्क आहेत. मुख्यालयाच्या भाषेत, एक हेडक्लार्क कमी आणि एक अधीक्षक जास्त होता. त्यांना स्पष्टीकरणासाठी बोलावून घेण्यात आले. खुर्ची पुन्हा रिकामी झाली, आणि उरलेल्यांत नोकरीने सर्वांत जुन्या असलेल्या हंगामी टाकी-परिचर बाईंकडे अधीक्षकपदाचा अतिरिक्त कार्यभार सोपवण्यात आला. टाकीचे काम पहारेकऱ्याकडे गेले, हंगामी.

“म्हणजे आता तूच साहेब?” आईने घरी विचारले. वाडग्यातली आमटी कुठे संपते आणि वाडगे कुठे सुरू होते हे ती बोटाने चाचपत होती.

“तात्पुरती.”

“मग फाइल तुझ्याच टेबलावर असेल. कर की सही.”

“आपल्याच फाइलवर आपण सही करायची नसते, आई.”

“मग दुसऱ्या कोणाकडून करून घे.”

“दुसरं कोणी उरलं नाही.”

आईने बाईंच्या दिशेने तोंड वळवले. “मला नीट दिसत नाही म्हणून विचारते,” ती म्हणाली, “तू अशी मागे रेलून कधीपासून बसायला लागलीस?”

बाईंनी ती फाइल मागवली होती. वाचलीही होती. संबंधित परिचर टाकी क्रमांक सातच्या प्रलंबित चौकशीत गुंतलेली असल्याने, चौकशी संपेपर्यंत निर्णय घेणे उचित नाही, असे तिच्यावर शेवटच्या पानावर लिहिलेले होते. अक्षर हेडक्लार्कांचे होते. आताच्या प्रभारी अधीक्षकांनी, म्हणजे बाईंनी, त्याखाली ‘सहमत’ असे लिहिले. प्रभारी अधीक्षकांना दुसरे काही लिहिता येण्यासारखे नव्हते.

चौकशी मात्र त्यांना संपवता आली असती. मागच्या खोलीतला एक निळा परत टाकीत सोडला असता तर उरलेली मासोळी पिवळीच राहिली असती आणि टाकीत दोन्ही रंग दिसले असते. हे सांगायला पहारेकरी स्वतःहून खोलीत आला. हल्ली आत येण्यापूर्वी त्याला दारावर टकटक करावी लागे.

“ताई,” तो म्हणाला आणि थांबला. “बाईसाहेब, चौथी-पाचवीही निळ्या होऊन मागच्या खोलीत गेल्या, टाकीत एकच पिवळी उरलीय. तिचं डोकं जरा निळसर वाटतंय. मागच्यांतला एक आज सोडला ना, तर सगळं जागच्या जागी थांबेल. तुम्हीच सांगत होतात हे पहिल्यापासून.”

“मागच्या खोलीतले मासे आता मुद्देमाल आहेत. हलवता येत नाहीत.”

“निम्म्या खाण्यावर आहेत ते. बरणीतला तर बरणीच्या तळाशीच बसून असतो.”

“आणि सोडला म्हणजे काय होईल? एकाचाच दुसरा होतो हे आपण लेखी मान्य केल्यासारखं होईल. जाती एकोणीस. दर्जा गेला की हे पद जातं.”

“पद गेलं तर तुम्ही परत टाकीवर याल. तुमची फाइल सुटेल, आईंचं काम होईल.”

बाईंनी टेबलावरची घंटी थोडी डावीकडे सरकवली, मग परत उजवीकडे.

“हे सगळं तुम्हाला कोणी सांगितलं?”

“टाकीखाली लिहिलंय की, बाईसाहेब.”

“तो फलक,” बाई म्हणाल्या, “प्रेक्षकांसाठी आहे.”

त्याच दुपारी त्यांनी टाकी क्रमांक सातमधला दिवा बंद करण्याचा आदेश दिला. अंधारात रंग दिसत नाही आणि न दिसलेला रंग नोंदवावा लागत नाही. आदेशात कारण ‘वीजबचत’ असे नमूद आहे. माहितीफलकावरचा दिवा मात्र चालू ठेवण्यात आला आहे, कारण तो प्रेक्षक विभागाच्या अखत्यारीत येतो.

आतला दिवा गेल्यापासून त्या काचेचा आरसा झाला आहे. दालनात सध्या सर्वांत जास्त गर्दी याच टाकीसमोर असते. लोक जवळ येतात, केस सारखे करतात, कॉलर नीट करतात, लहान मुलांना उचलून काचेपुढे धरतात आणि मग खालचा फलक शेवटच्या वाक्यापर्यंत वाचतात. बाकीच्या माद्या नव्याला लगेच जुन्यासारखेच मानतात, इथे आल्यावर बहुतेकांना हसू येते. काही जण तेवढे वाक्य मागच्याला मोठ्याने वाचून दाखवतात.

पहारेकऱ्याचे स्टूल अजून तिथेच आहे. त्याच्या सांगण्यानुसार, हा मजकूर लिहून होईपर्यंत आत मासा आहे का, असे एकाही प्रेक्षकाने विचारलेले नाही.