रोतेमच्या झुडपाखाली मालिदा चढविला त्याची हकीकत

॥ अब्राहाम, इसहाक, याकोब यांचा देव समर्थ ॥

इस्रायल देशी नेगेवच्या वाळवंटी दिमोना शहर, तेथील पेन्शनर मंडळाने यहुदी पंचांगातील शेवाट महिन्याचे पौर्णिमेस पुरातन स्थळांवर जी स्वारी केली, तीत कोणी मर्दुमकी गाजविली आणि कोणी हत्यार ठेविले, याविषयी चेऊलकरांचे घरी एक वर्तमान सांगतात, झिराडकरांचे घरी दुसरे. सबब खरे काय ते एक वेळ कायम व्हावे म्हणोन जाहले वृत्त आदिअंत लिहिले आहे. पदरचे तिखटमीठ लाविले नाही.

प्रथम मोहिमेचे कारण. मलकाबाई झिराडकर, मूळ अलिबागेकडील बेने इस्रायल, म्हणजे कोकणात तेलाचे घाणे चालविणारे यहुदी, कोकण सोडोन या मुलखी आलियास हयात लोटली. त्यांचे यजमान बिन्यामिनभाऊ जिभेचे मोठे जालीम. सोलकढी पातळ, मासा शिळा, भात गिचका, ऐसे उभ्या संसारात एक ताट नावे ठेविल्याविना उठले नाही. परंतु गतवर्षी भाऊंचे धाकटे बंधू वारले आणि त्या दिवसापासोन भाऊंची अन्नावरील वासनाच उडाली. पानावर बसावे, दोन घास चिवडावे, "पुरे झालं" म्हणोन उठावे, ऐसा परिपाठ पडला. नावे ठेवणे तो मुळीच बंद. एके दिवशी मलकाबाईंनी परीक्षेकरिता आमटीत मुद्दाम मूठभर मीठ लोटिले. भाऊंनी दोन घास निमूट खाल्ले आणि उठले. 

मग बाईंनी एलियाहू हन्नाबीस साकडे घातले. हा नबी बेने इस्रायलांचा कडक पाठीराखा. नवस बोलावा तर त्यास आणि फेडावा तर मालिद्याने, म्हणजे भिजविले पोहे, खवलेला नारळ, साखर, वेलची आणि वर फळे. हाच नबी पूर्वी शत्रूचे भयाने बेरशेबाहून रानात गेला, रोतेमच्या झुडपाखाली बसोन "आता पुरे, माझा जीव घे" म्हणाला आणि निजला. मग देवदूताने त्यास शिवोन जागे केले आणि ऊठ, खा, ऐसी आज्ञा केली, हे शास्त्री वचन आहे. तो "पुरे" शब्द बाईंच्या काळजास लागला. त्यांनी नवस केला की, नबी बसला त्या झुडपाखाली मालिदा चढवीन, परंतु माझे माणसास जेवू घाल.

तो पौर्णिमा आली. तोच नबीच्या उरुसाचा दिवस, आणि त्याच दिवशी मंडळाची बस बेरशेबाचे प्राचीन टेकाड, अरादचा पडका किल्ला आणि खाली सदोमास, मागे वळोन पाहिले म्हणोन मीठ जाहली त्या लोतच्या बायकोचा मिठाचा खांब, ऐशा मजलींवर निघाली. फौजेचे सरदार वाटाडे दोरोन, वयाने कोवळे, विद्येने भारी, वेळेचे तो केवळ कर्दनकाळ. दुसऱ्या मातबर सिम्हाबाई चेऊलकर. त्यांची नजर सदोमाजवळील खाऱ्या समुद्राकाठील दुकानावर. तेथील काळा चिखल तोंडास लाविता सुरकुत्या पळतात ऐसी त्यांची श्रद्धा, आणि दुकान दिवस कलता बंद होते म्हणोन त्यांनी दोरोनाकडोन वेळेचे वचन घेऊन ठेविले होते. मलकाबाईंनी मांडीवर मालिद्याचा पितळी डबा घेतला आणि शेजारी भाऊंस खिडकीशी बसविले. भाऊ बाहेर पाहात होते, परंतु काही दिसत होते ऐसे नाही.

बेरशेबास विहिरीपाशी बाईंनी पहिला मोर्चा लाविला. नबीचे झुडूप दाखवावे, ऐसी दोरोनास विनंती केली. दोरोनाने मुलखाचे रिवाजाप्रमाणे बाईंस एकेरी नावाने हाक मारोन उत्तर केले.

"मलका, कुठलं झुडूप ते पुस्तकात लिहिलेलंच नाही. आणि झुडूप काय तीन हजार वर्षं जगतं?"

"ते मेलं असेल रे बाबा. पण वंश असेल ना त्याचा? आम्ही नाही का, कुठच्या कुठे कोकणात जाऊन तेल गाळत बसलो आणि परत आलो? आम्हाला सरकारनं घेतलं, आणि तुला एक झुडूप मानवत नाही?"

 दोरोनांनी ठरल्या मुक्कामावेगळी बस उभी राहणार नाही, ऐसे फर्मान सोडोन पुढे कूच केले. सिम्हाबाईंनी त्यास दुजोरा दिला. मलकाबाई डबा पोटाशी धरोन बसल्या.

अरादच्या किल्ल्यात दोरोनांनी गाभाऱ्याचे धोंडे, खापरे, राजांच्या पिढ्या, यांचे ऐसे निरूपण मांडिले की निम्मी फौज उभ्याने पेंगली. ती संधी साधोन मलकाबाई मागचे मागे निसटल्या आणि थेट ड्रायव्हर मक्लूफ याचे गोटात शिरल्या. मक्लूफ मोरोक्कोकडील यहुदी. साधुसंतांच्या समाधीवर जेवणावळी घालणारी ही जात, त्यास नवस म्हणजे काय हे सांगावे लागले नाही. बाईंनी गुळाच्या घाऱ्या नजर केल्या आणि मनसुबा कानावर घातला.

"झुडूप दिसलं की मोठ्यानं खोका, आई," मक्लूफ घारी तोंडात घालीत वदला. "गाडी गरम व्हायचं मी बघतो."

"अरे, या थंडीत गाडी गरम होते?"

"माझी होते."

ऐसा उभयतांत गुप्त तह जाहला.

मग बस अराद सोडोन उतारास लागली, आणि एका कोरड्या ओढ्यात पांढऱ्या फुलांनी लगडलेली रोतेमची झुडपे दृष्टीस पडताच मलकाबाई ऐशा खोकल्या की पुढील आसनावरील म्हातारा दचकोन जागा जाहला. त्याच क्षणी गाडी गरम जाहली. दोरोन घड्याळ पाहोन कपाळास हात लाविते जाहले.

"गाडी गरम झालीय की ही?" सिम्हाबाई मलकाबाईंकडे बोट करोन कडाडल्या. "मला काय दुधखुळी समजलीस?"

परंतु बाहेर फुलांचा वास सुटलेला, दिवस नबीचा, आणि डब्यातोन वेलचीचा दरवळ. फौज आपसूक खाली उतरली. सिम्हाबाईही उतरल्या, आणि एकदा उतरल्यावर कारभार हाती घेतल्याविना त्यांस राहवेना. मलकाबाईंनी पसंत केलेले झुडूप त्यांनी नापसंत केले.

"ह्या काडीखाली नबी मावेल? तो पलीकडचा बघ, चांगला घेरदार आहे."

"नबी जीव द्यायला आला होता, सिम्हा. सावली मोजायला नव्हता आला!"

ऐसे दोन तट पडले. झिराडकर या तीरी, चेऊलकर त्या तीरी, आणि मध्ये दोरोन, सर्व झुडपे शास्त्रदृष्ट्या एकच आहेत ऐसे ओरडोन सांगत होते. त्यांचे कोणी ऐकिले नाही. शब्दास शब्द वाढोन प्रकरण हातघाईवर यावे, तो मलकाबाईंनी मागे पाहिले.

बिन्यामिनभाऊ कल्लोळास कंटाळोन एकटेच दूर चालत गेले होते. तेथे एक तिसरेच झुडूप, खुरटे, फूल नावापुरते, सावली विरळ. भाऊ त्याखाली मटकन बसले, "पुरे झालं" ऐसे कोणास न उद्देशोन बोलले, टोपी तोंडावर घेतली आणि दगड उशास घेऊन आडवे जाहले.

हे पाहोन दोन्ही तट मोडले. मग सिम्हाबाई पुढे आल्या, मलकाबाईंच्या हातचा डबा घेतला आणि त्या खुरट्या झुडपाखाली आपले हाते ठेविला.

"हेच गं ते," त्या हलकेच बोलल्या.

मग फळे मांडिली, नबीचे गाणे कोकणातल्या जुन्या चालीवर गाइले, आशीर्वाद म्हटले, मक्लूफाने सर्वांहून मोठ्याने आमेन म्हटले. मलकाबाई यजमानांपाशी बसल्या आणि खांद्यास हात लाविला.

"अहो, उठा. खाऊन घ्या थोडं."

भाऊ उठोन बसले. पहिला घास घेतला. दुसरा घेतला. येथे नित्याची सरहद्द होती.  भाऊंनी तिसरा घास घेतला, चावला, आणि त्यांचे कपाळास आठी पडली.

"मलका, वेलची नावालाच टाकलीस? आणि पोहे किती भिजवायचे ते? पार चिखल केलास."

"चिखल मिळाला गं बाई!" सिम्हाबाई बोलल्या. "आता दुकान मिटलं तरी चालेल."

मलकाबाई तोंड फिरवोन पदर डोळ्यांस लावीत होत्या, इतक्यात भाऊंनी रिकामी वाटी पुढे केली. बाईंनी ती शिगोशीग भरली.

गाडी तत्क्षणी थंड जाहली. दुकान हाती लागले नाही. मिठाचा खांब अंधुक दिसला. दोरोनांनी डब्याचा तळ पुसोन खाल्ला. सिम्हाबाई आजही झुडूप आपणच निवडले म्हणोन सांगतात, आणि मलकाबाई त्यास हरकत घेत नाहीत.

परतीचे वाटेवर दिमोनाचे दिवे दिसू लागता बिन्यामिनभाऊंनी रात्रीस काय रांधणार म्हणोन विचारिले. मग किंचित थांबोन ऐसे सुनाविले की, "मागं एकदा आमटी फार खारट केली होतीस. तेव्हा बोललो नाही."

बाईंनी गुन्हा जागीच कबूल केला. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली.